परीटघडी विमानातून नेताना

मुलाखत सकाळी दहाला दिल्लीत आणि विमान आदल्या संध्याकाळी मुंबईहून. अशा प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हाती कपड्यांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळचा जेमतेम तासभर असतो. तो तास इस्त्री शोधण्यात जावा हे मला अजिबात पटत नाही. ब्लेझर, दोन शर्ट, एक पँट किंवा एखादी रेशमी साडी घरून निघाली तशीच मुक्कामी पोचू शकते. त्यासाठी महागडी बॅग घ्यायची गरज नाही. कपडा चुरगळतो कशामुळे, हे समजून बॅग भरली की काम होतं.

सुरकुती पडते कशी

सुती कापडाचे तंतू सेल्युलोजचे असतात आणि त्यातल्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. ओलावा लागला की हे बंध सुटतात आणि कापड वाळताना ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत पुन्हा जुळतात. इस्त्रीचं सगळं काम यावरच चालतं. पाणी शिंपडायचं, उष्णता द्यायची, दाबायचं आणि कापड सपाट असतानाच वाळू द्यायचं. बॅगेतही हेच घडतं, फक्त तिथे कापड सपाट नसतं. कपड्यात राहिलेला दमटपणा, वरच्या सामानाचा दाब आणि घडीचा टोकदार कोपरा एकत्र येतात आणि सात-आठ तासांत वळी पक्की बसते.

म्हणजे घडी घालणं हा दोष नव्हे. कपडा कोरडा असेल, घडीचं वाकण गोल असेल आणि बॅगेत कपडा इकडेतिकडे सरकत नसेल, तर घडीची खूण फारशी उरत नाही. पुढचं सगळं या तीन गोष्टींसाठीच आहे.

लोकरीचं गणित वेगळं. तिचा तंतू जन्मतःच कुरळा आणि लवचिक, त्यामुळे दाब गेला की तो बराचसा पूर्ववत होतो. दमट हवेत टांगला तर आणखी लवकर. म्हणूनच प्रवासाला लोकरीचा किंवा टेरीवूलचा (लोकर आणि पॉलिएस्टरच्या मिश्रणाचा) ब्लेझर घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन. टेरीकॉटचा, म्हणजे सुतात पॉलिएस्टर मिसळलेला शर्ट शुद्ध सुती शर्टापेक्षा प्रवासात जास्त तग धरतो, कारण पॉलिएस्टर पाणी फारसं शोषतच नाही. मात्र त्यात उष्णतेने बसलेली वळी चिवट असते, म्हणून बॅग तळपत्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नये. लिनन सगळ्यांत अवघड. ते अंगावर घातल्यावर अर्ध्या तासात चुरगळतं, मग बॅगेत काय होणार! ज्या दिवशी नीटनेटकं दिसणं महत्त्वाचं आहे त्या दिवसासाठी लिनन नेऊ नका. नेलंच, तर मुक्कामी इस्त्री करावी लागणार हे धरून चाला.

घट्ट विणीचं, थोडं वजनदार कापड पातळ मलमली कापडापेक्षा चांगलं राहतं. बारीक चौकडी किंवा रेघांवर उरलेली सुरकुती दिसत नाही, एकरंगी आकाशी शर्टावर ती लांबून दिसते. दुकानात पारख करायची तर बाहीचा कोपरा मुठीत दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. कापड लगेच उलगडलं तर ते प्रवासाचं कापड.

तयारी आदल्या दिवशी

बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. निघायच्या तासभर आधी इस्त्रीवाल्याकडून गठ्ठा येतो, कपडे अजून कोमट असतात, तसेच बॅगेत जातात. वाफेच्या इस्त्रीने कापडात गेलेला ओलावा तेव्हा पुरता निघालेला नसतो. तोच ओलावा बॅगेतल्या घड्या कायम करतो. कपडे आदल्या दिवशी इस्त्री करून आणा आणि रात्रभर हँगरवर मोकळे राहू द्या. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात हवाच इतकी दमट असते की सुती कपडा नुसता टांगूनही सर्द होतो. तेव्हा बॅग भरण्याआधी कपड्यांवर तास-दोन तास पंख्याचं वारं असू द्या.

स्टार्च टाळा. कडक खळ दिलेली कॉलर घरी रुबाबदार दिसते, पण खळीचं कापड वाकत नाही, मोडतं. त्या मोडीवर पांढरट रेघ उमटते आणि ती पाणी लावून पुन्हा इस्त्री केल्याशिवाय जात नाही. कांजी केलेल्या सुती साडीलाही हेच लागू. अशी साडी प्रवासात न्यायचीच असेल तर खळ अगदी हलकी ठेवा.

बॅग कोणती आणि सोबत काय

देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारणपणे केबिनमध्ये ७ किलोची एक बॅग आणि चेक-इनमध्ये १५ किलो सामान चालतं. केबिन बॅगेचं माप बहुतेक ठिकाणी ५५ × ३५ × २५ सेंमीच्या आसपास असतं. तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते मात्र एकदा वाचा. टणक कवचाची बॅग रिकामी असतानाच अडीच-तीन किलो भरते, त्यामुळे आत जेमतेम चार किलो मावतात. एवढ्यात एक ब्लेझर, दोन शर्ट, एक पँट, बूट आणि आतले कपडे बसतात.

दुसऱ्या दिवशी घालायचा पोशाख केबिनमध्येच न्या. चेक-इन बॅग उशिरा पोचली तर इस्त्रीचा प्रश्नच उरत नाही, कपडेच नसतात. भारी पैठणी किंवा शालू असेल तर तीही हातातल्या बॅगेत.

सोबत दोन गोष्टी ठेवा: ड्रायक्लीनरकडून कपड्यांवर येणारी पातळ प्लास्टिकची कव्हरं आणि नव्या बुटांच्या खोक्यात मिळतो तसला मऊ पातळ कागद. प्लास्टिक निसरडं असतं. दोन कपड्यांच्या मध्ये ते घातलं की कापड कापडावर घासून गोळा होण्याऐवजी सरकून पुन्हा सपाट होतं. कागद घडीच्या पोटात जातो. वर्तमानपत्र वापरू नका, शाई लागते. प्लास्टिकही फक्त प्रवासापुरतं. कपाटात महिनोन्‌महिने कपडे त्यात ठेवले तर ओल कोंडते.

हवा काढून चपट्या करायच्या पिशव्या आणि दाबून बंद होणारे पाऊच स्वेटरसाठी ठीक आहेत. फॉर्मल कपड्यांसाठी ते वर्ज्य समजा, कारण ज्या दाबापासून कपडा वाचवायचा तोच दाब त्या देतात. शर्टाची गुंडाळी करा असा सल्लाही सर्रास ऐकू येतो. टी-शर्ट, जीन्स, पायजमे यांना गुंडाळी उत्तम. कॉलर, कफ आणि खिसा असलेल्या शर्टात जाड-पातळ थर एकत्र गुंडाळले जातात आणि पाठीवर आडव्या-तिडव्या चुण्या पडतात.

ब्लेझर: आतून बाहेर

ब्लेझरची घडी एकदा हाताला बसली की दोन मिनिटांचं काम आहे. घरी दोनदा करून पाहा.

खिसे रिकामे करा, बटणं उघडी ठेवा. ब्लेझरची पुढची बाजू तुमच्याकडे येईल असा तो धरा. आता एका बाजूचा खांदा आतून ढकलून उलटा करा, म्हणजे त्या खांद्याचं अस्तर बाहेर येईल आणि खांद्याची आता एक वाटी तयार होईल. बाही उलटी करायची नाही, ती सरळ खाली लोंबू द्यायची. दुसरा खांदा जसा आहे तसाच, सुलटा, या वाटीत बसवा. एका खांद्यात दुसरा खांदा अलगद रुततो, दोन्ही लॅपेल (कॉलरखालच्या, छातीवर उलटलेल्या पट्ट्या) एकमेकांवर येतात आणि ब्लेझर पाठीच्या मधल्या शिवणीवर उभा दुमडला जातो. बाहेरून दोन्हीकडे अस्तरच दिसायला हवं. कापड आणि दोन्ही बाह्या आत सुरक्षित राहतात.

हा ऐवज पलंगावर आडवा ठेवा. आत हात घालून बाह्या सरळ करा, लॅपेलची वळण हाताने नीट बसवा आणि कॉलर उभी राहिली असेल तर खाली करा. खांद्यांच्या वाटीत दोन जोडी मोजे किंवा गोळा केलेला कागद ठेवा, म्हणजे खांद्याचं पॅडिंग चेपत नाही. मग वरून प्लास्टिकचं कव्हर चढवा.

आता आडवी घडी, फक्त एकच, कमरेच्या रेषेवर. पण थेट दुमडायचं नाही. कमरेपाशी एक मऊ टी-शर्ट किंवा पातळ टॉवेल गुंडाळून ठेवा आणि त्याच्यावरून ब्लेझरचा खालचा भाग वळवा. घडीचा कोपरा असा गोल झाला की लोकरीच्या कापडावर खूण राहतच नाही असं म्हटलं तरी चालेल.

नेहरू जाकिटालाही बाह्या सोडल्या तर हीच पद्धत. बंदगळ्याची कॉलर ताठ असते, तिच्या आत गुंडाळलेला पट्टा गोल फिरवून ठेवा.

शर्ट आणि पँट

शर्टाचं वरचं बटण लावा, मग एक सोडून एक. सगळी बटणं लावली तर कापड बटणपट्टीवर ताणलं जातं, आणि एकही न लावलं तर पट्टी फिरते. शर्ट पालथा घालून बाह्या पाठीवर सरळ खाली आणा. बाहीला कोपरात मोड येऊ देऊ नका. दोन्ही बाजू आत घेऊन रुंदी पंचवीस-अठ्ठावीस सेंमी करा. हवं तर मध्ये पातळ पुठ्ठा ठेवा.

आडव्या घडीची जागा महत्त्वाची आहे. नेहमीच्या तीन घड्यांत एक रेघ बरोबर पोटावर येते, आणि ब्लेझर उघडला की तीच पहिल्यांदा दिसते. त्याऐवजी शेवटची वीतभर बाजू, म्हणजे पँटमध्ये खोचला जाणारा भाग, आधी आत घ्या आणि मग उरलेला शर्ट एकदाच दुमडा, पोटात कागद घालून. कॉलरच्या आत मोजे किंवा गुंडाळलेला टाय ठेवला की ती उभी राहते. दोन शर्ट असतील तर एकाची कॉलर वर आणि दुसऱ्याची खाली अशी उलटसुलट रचना करा. दोन्ही कॉलरी एकाच टोकाला आल्या की तिथे उंचवटा होतो आणि बॅगेचं झाकण नेमकं तिथेच दाबतं.

पँटची क्रीज जुळवून दोन्ही पाय एकमेकांवर ठेवा. मग उघड्या बॅगेत कमरपट्टा एका कडेला टेकवून पाय बॅगेच्या बाहेर लोंबू द्या. त्यावर शर्ट आणि ब्लेझर ठेवा आणि शेवटी पँटचे पाय उलटून त्यांच्यावरून आत घ्या. पँट अशी बाकीच्या कपड्यांभोवती गुंडाळली जाते, गुडघ्यावर टोकदार मोड येत नाही.

हीच कल्पना पुढे नेली तर सगळ्याच कपड्यांचं एक गाठोडं होतं. मधोमध मऊ कपड्यांची उशी, तिच्याभोवती एकावर एक फॉर्मल कपडे, सगळ्यांत बाहेर ब्लेझर. सुरकुत्या टाळायच्या तर याहून चांगली रीत मला माहीत नाही. फक्त एक कपडा काढायचा तरी सगळं उलगडावं लागतं. एकाच शहरात उतरणार असाल तर ती वापरा. रोज गाव बदलणार असेल तर वेगळ्या घड्याच बऱ्या.

साडी, ब्लाउज, कुर्ता

रेशमी साडीत चुणीपेक्षा जरीची काळजी मोठी. जरीचा काठ आणि पदर एकाच जागी पुन्हा पुन्हा दुमडला तर जर तुटते, आणि पुढे त्या रेषेवर कापडही विरतं. म्हणून प्रवासाआधी कपाटातली जुनी घडी मोडा आणि नवी घडी वेगळ्या रेषेवर घाला. जरीचा भाग आत राहू द्या.

साडीबरोबर परकर न्यावाच लागतो, तर त्याचाच उपयोग करा. परकराची लांबट गुंडाळी करून ती साडीच्या शेवटच्या घडीच्या पोटात ठेवा. त्यामुळे वाकण गोल होतं आणि जागाही वाचते. मग सगळं मलमलीच्या किंवा जुन्या, धुतलेल्या सुती पंच्यात बांधा. रेशमाला प्लास्टिक नको. डांबराच्या गोळ्या नकोत, आणि जरीवर अत्तर तर अजिबात नको.

निऱ्या आधीच घालून, इस्त्री करून ठेवलेली साडी न्यायची पद्धत आता खूप रुळली आहे. ती नेताना निऱ्यांना वरून आणि मधून कपड्याचे चिमटे लावा. धातूच्या पिना रेशमावर डाग आणि भोकं पाडतात. पॅड असलेल्या ब्लाउजची पॅडं उलटी दाबू नका. हूक लावून, एक वाटी दुसरीत बसवून त्यात मोजे किंवा ओढणीचं टोक भरा. सिल्कचा कुर्ता शर्टासारखाच, फक्त त्याची लांबी जास्त म्हणून दोन आडव्या घड्या. त्यातली एकही छातीवर येऊ देऊ नका.

बॅग भरण्याचा क्रम

चाकांची बॅग विमानतळावर बहुतेक वेळ उभी असते, आणि उभी असताना सगळं वजन चाकांकडे घसरतं. म्हणून बूट, चार्जर, प्रसाधनाची पिशवी हे सगळं चाकांच्या बाजूला. बुटांत मोजे भरा आणि बूट कापडी पिशवीत घाला. फॉर्मल कपडे त्याच्या वर, आणि ब्लेझरच्या कमरेकडची घडी चाकांच्या दिशेने. म्हणजे खांदे वर राहतात, त्यांच्यावर काही चेपत नाही.

आता बॅग बंद करून उभी करा आणि हलवा. आत काही सरकल्याचं जाणवलं तर मोकळ्या जागा टी-शर्टच्या गुंडाळ्यांनी भरा. अर्धी रिकामी बॅग भरलेल्या बॅगेपेक्षा जास्त नुकसान करते, कारण कपडे एका कोपऱ्यात गोळा होऊन तिथेच पडून राहतात. उलट गुडघा टेकवून चेन लावावी लागत असेल तर एक वस्तू बाहेर काढा.

फॉर्मल कपड्यांचा गठ्ठा एकाच पिशवीत राहील असं पाहा. तपासणीत बॅग उघडली तरी तो एकसंध उचलता येतो. पॉवर बँक चेक-इन सामानात कधीच टाकू नका. सुट्या लिथियम बॅटरीला तिथे मनाई आहे, आणि त्यासाठी बॅग उघडली गेली तर तुमच्या सगळ्या घड्या परक्या हातांनी परत घातल्या जातील. लॅपटॉप आणि कागदपत्रं कपड्यांच्या खाली नकोत, वेगळ्या कप्प्यात हवीत.

ब्लेझर अंगावर घालून निघालात तर विमानात बसण्याआधी काढा. पाठ आणि कोपरांखाली घामाचा ओलावा आणि अंगाची ऊब दोन तास लागली की तिथे वळ्या बसतातच. वर सांगितलं तसा उलटा करून, बाजूच्यांच्या बॅगा वरच्या कप्प्यात लागल्यानंतर, सगळ्यांच्या वर ठेवा. कोट टांगायची सोय इकॉनॉमीत मिळेल असं धरू नका.

मुक्कामी पोचल्यावर

खोलीत शिरल्यावर चहा मागवण्याआधी बॅग उघडा. वळी जितका वेळ दाबात राहते तितकी घट्ट होते, आणि रात्रभर मोकळा टांगलेला कपडा स्वतःच बराच सुधारतो. पँट उलटी टांगा, पायांकडून चिमट्याने धरून. कमरेकडच्या वजनाने ती खाली ओढली जाते. ब्लेझरला रुंद हँगर हवा. हॉटेलात बारीक तारेचा मिळाला तर त्याच्या खांद्यांवर हात पुसायचा टॉवेल गुंडाळा.

तरीही खुणा राहिल्या तर न्हाणीघराचं दार बंद करून गरम पाण्याचा शॉवर सुरू ठेवा आणि कपडे पाण्यापासून दूर पंधरा-वीस मिनिटं टांगा. लोकर आणि रेशमावर हा उपाय छान चालतो, सुती शर्टावर अर्धामुर्धा. सुती शर्टासाठी ओल्या तळहाताने सुरकुतीवरून हलका हात फिरवा, कापड दोन्ही बाजूंनी ताणून धरा आणि केस वाळवायच्या ड्रायरने वाळवा. रेशमावर मात्र पाण्याचे थेंब उडवू नका, डाग पडतात. कपडा पूर्ण कोरडा होईपर्यंत अंगात घालायचा नाही, नाहीतर टॅक्सीत बसल्या बसल्या नव्या चुण्या पडतील.

इस्त्री मागवलीत तर आधी तिचा तळ पांढऱ्या रुमालावर फिरवून पाहा, जळका थर असेल तर रुमालावर उतरतो. कपड्याच्या लेबलावर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात: एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. लोकरीवर थेट इस्त्री टेकवली तर चकाकी येते. मध्ये ओलसर रुमाल ठेवा आणि इस्त्री घासू नका, उचलून उचलून टेकवा.

परदेशी जाताना घरची छोटी इस्त्री नेणार असाल तर तिच्यावरचा व्होल्टेज वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. फक्त २३० व्होल्टवर चालणारी इस्त्री अमेरिकेत लावली तर जळणार नाही, पण तिची ताकद जवळपास चौथाईवर येईल आणि ती नुसती कोमट होईल. दोन्ही व्होल्टेजची प्रवासी इस्त्री घ्या किंवा तिथलीच मागवा. सुरकुत्या घालवायचा स्प्रे आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिनमध्ये १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही.

परतताना वापरलेले कपडे आणि न वापरलेला शर्ट एकत्र भरू नका. घामाचा दमटपणा बंद बॅगेत सगळीकडे पसरतो. वापरलेले वेगळ्या पिशवीत बांधून चाकांकडे टाका, आणि ब्लेझर जाताना घातली होती तशाच घडीत आणा. घरी पोचल्यावर तो थेट कपाटात नको, एक रात्र बाहेर हँगरवर राहू द्या.